हार्मोन बिघडवणारी रसायने : कायदा कोणाला वाचवतो आणि कोणाला विसरतो?

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक रंगीत चौकोन असतो. लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. फवारणीला जाणाऱ्या मजुराला कोणी काही शिकवले असेल, तर एवढेच की लाल म्हणजे जहाल आणि हिरवा म्हणजे फार काळजी नको. पण हा रंग फक्त एका प्रश्नाचे उत्तर देतो. हे औषध पोटात किंवा अंगावर गेले, तर माणूस लगेच दगावेल का? पाच वर्षे दर हंगामात फवारणी केल्यावर थायरॉईडचे काय होईल, ओल्या शेतात खुरपणी करणाऱ्या गरोदर बाईच्या पोटातील बाळाचे काय होईल, हे तो रंग सांगत नाही. कायद्याने त्याला ते सांगायला लावलेलेच नाही.

हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनांबद्दलच्या भारतीय कायद्याची सगळी गोष्ट या चौकोनात सामावली आहे. आज पडणारा माणूस कायद्याला दिसतो. हळूहळू झिजणारा दिसत नाही. आणि झिजणारी माणसे बहुतेक वेळा भूमिहीन, कंत्राटी, कचरावेचक, म्हणजे आपल्याच वस्त्यांतली असतात. म्हणून हा विषय डॉक्टर आणि वकिलांवर सोडून न देता आपण समजून घेतला पाहिजे.

अहिल्यानगर शहराचे सावेडी उपनगर डोळ्यांसमोर ठेवून विचार करू. एका बाजूला नागापूरची एमआयडीसी. शहराभोवती नगर आणि पारनेर तालुक्यांतला कांदा, पुढे श्रीगोंदा आणि राहात्याकडची द्राक्षे-डाळिंबे, नेवासा-राहुरीचा ऊस. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जिल्ह्याचे उपप्रादेशिक कार्यालय सावेडीतच आहे. एखाद्या कार्यकर्त्याने तिथे जाऊन विचारले, ‘साहेब, हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनांचा कायदा कोणता आणि तक्रार कोणाकडे करायची?’ तर त्याला एकच उत्तर मिळणार नाही, कारण असा एकच कायदा नाही.

ही रसायने नेमके काय करतात?

थायरॉईड, स्वादुपिंड, बीजांडे, वृषण अशा ग्रंथी रक्तात अगदी सूक्ष्म प्रमाणात हार्मोन सोडतात. मराठीत त्यांना संप्रेरके म्हणतात. वाढ, मेंदूचा विकास, मासिक पाळी, गर्भधारणा, साखरेचे नियंत्रण ही कामे त्यांच्या निरोपावर चालतात. काही रसायने शरीरात शिरून खोटा निरोप देतात, खरा निरोप अडवतात किंवा हार्मोन तयार होण्यातच अडथळा आणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये या रसायनांची व्याख्या केली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासोबत तिने त्यावरचा मोठा अहवाल काढला.

या रसायनांचे दोन गुण कायद्याला अडचणीत टाकतात. पहिला प्रमाणाचा. ‘जास्त घेतले तर विष, थोडे घेतले तर काही नाही’ हा विषशास्त्राचा जुना नियम आहे. पण हार्मोनचे मूळ कामच अत्यल्प प्रमाणात चालते, त्यामुळे त्यात ढवळाढवळ करायलाही थोडेच पुरू शकते. दुसरा वेळेचा. प्रौढ माणसाला न जाणवणारी मात्रा गर्भातल्या बाळाला, तान्ह्या मुलाला किंवा वयात येणाऱ्या मुलामुलींना कायमची इजा करू शकते, आणि ती इजा दिसायला कधी कधी पंधरा-वीस वर्षे लागतात. तोवर डबा भंगारात गेलेला असतो आणि मुकादम बदललेला असतो.

अमुक माणसाचा आजार तमुक रसायनानेच झाला, असे सिद्ध करणे अवघड असते. म्हणून उठसूट प्रत्येक आजाराचे खापर प्लास्टिकवर किंवा औषधावर फोडणे चूक आहे. पण नेमक्या याच कारणाने नुकसान झाल्यावर भरपाई देणारा कायदा इथे अपुरा पडतो. नुकसान होण्याआधी अडवणारा कायदा हवा.

एक कायदा नाही, तुकडे आहेत

‘हार्मोन बिघडवणारे रसायन’ अशी स्वतंत्र कायदेशीर व्याख्या भारतात नाही. कायदा रसायनाकडे न पाहता वस्तूकडे पाहतो. वस्तू बदलली की कायदा बदलतो आणि खातेही बदलते.

*दुधाची बाटली.* बिस्फेनॉल-ए हे रसायन पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये असते आणि ते इस्ट्रोजेन या हार्मोनसारखे वागू शकते. भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये बाळाच्या बाटलीचे मानक सुधारून तिच्यात बिस्फेनॉल-ए ला मनाई केली. १९९२ च्या शिशुआहार कायद्यानुसार मानक चिन्हाशिवाय दुधाची बाटली विकताच येत नाही. म्हणजे ही मनाई सक्तीची आहे. मात्र ती बाळाच्या बाटलीपुरती आहे.

*खेळणी.* प्लास्टिक मऊ करण्यासाठी थॅलेट नावाची रसायने घालतात. त्यांतली काही पुरुष हार्मोनच्या कामात अडथळा आणतात. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. ठरावीक थॅलेटचे प्रमाण वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त चालत नाही. पण मुलांना आठवडे बाजारात आणि जत्रेत दहा-वीस रुपयांना मिळणारे चिन्ह नसलेले खेळणे तपासायला कोण जाते?

*अन्न.* अन्नाच्या वेष्टनासाठी २०१८ चे नियम आहेत आणि वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला त्यात बंदी आहे. शाईतील रसायने तेलकट पदार्थात उतरतात, हे त्याचे कारण. तरी वडापाव आणि भजी आजही छापील कागदात मिळतात. अन्नातील कीटकनाशकांच्या अंशाच्या मर्यादा २०११ च्या नियमांत आहेत. राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

*इलेक्ट्रॉनिक वस्तू.* टीव्ही आणि संगणकाच्या प्लास्टिकमध्ये आग रोखण्यासाठी ब्रोमीनयुक्त रसायने घालत. त्यांतली काही थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी अशा दोन गटांवर ०.१ टक्क्याची मर्यादा ठेवली आहे.

*टिकाऊ विषे.* वर्षानुवर्षे न विरघळता माती, मासे, चरबी आणि आईच्या दुधात साठणाऱ्या रसायनांसाठी स्टॉकहोम करार आहे. भारताने तो जानेवारी २००६ मध्ये मान्य केला. त्याला धरून २०१८ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली नियम आले आणि सात रसायनगटांवर बंदी आली.

एवढे सगळे जोडूनही कायद्याची गोधडीच होते, आणि तिला मोठी भोके आहेत. युरोपात रसायन बाजारात आणणाऱ्या कंपनीला त्याची नोंदणी करून सुरक्षिततेची माहिती द्यावी लागते. आपल्याकडे अशा सर्वसाधारण रसायन नियमांचा मसुदा २०२० च्या सुमारास तयार झाला, पण तो मसुदाच राहिला. म्हणून जे रसायन कोणत्याच यादीत नाही, त्याबद्दल कोणी विचारत नाही.

डब्यावरचा चौकोन काय सांगत नाही

ग्रामीण भागासाठी सगळ्यांत महत्त्वाचा तुकडा म्हणजे कीटकनाशके अधिनियम १९६८ आणि त्याखालचे १९७१ चे नियम. तणनाशके आणि बुरशीनाशकेही याच कायद्यात येतात.

चौकोनाचा रंग उंदरांवरच्या चाचणीवरून ठरतो. ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात, ती मात्रा मोजतात. तोंडावाटे एक किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. हे मोजमाप तातडीच्या मृत्यूचे आहे. कांद्यावरील करप्यासाठी आणि डाळिंबा-द्राक्षांवरील रोगांसाठी सर्रास मारले जाणारे मॅन्कोझेब, ज्याला शेतकरी ‘एम पंचेचाळीस’ म्हणून ओळखतात, तातडीच्या विषारीपणात अगदी खालच्या वर्गात मोडते. पण ते विघटन पावताना तयार होणारे इथिलीन थायोयुरिया थायरॉईडवर परिणाम करते, हे जुने आणि मान्य शास्त्र आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबची परवानगी पुढे चालू ठेवायला नकार दिला. हार्मोनवरील परिणाम आणि प्रजननाला असलेला धोका ही त्यामागची कारणे होती.

नोंदणीच्या वेळी केंद्रीय नोंदणी समिती कंपनीकडून विषारीपणाचे अहवाल मागते, त्यात पुनरुत्पादनावरील परिणामही असतात. पण हार्मोनमधील ढवळाढवळ हा परवाना नाकारण्याचा स्वतंत्र निकष नाही. शिवाय एकदा कायम नोंदणी झाली की ठरावीक वर्षांनी ती आपोआप पुन्हा तपासली जात नाही. सरकारने समिती नेमली तरच फेरतपासणी होते.

इथे धोका आणि जोखीम यांतला फरक समजून घेऊ. नाग विषारी आहे, हा धोका. तो आपल्याला चावण्याची शक्यता किती, ही जोखीम. युरोपचा कीटकनाशक कायदा म्हणतो की रसायन हार्मोन बिघडवणारे ठरले की त्याला परवानगी नाही, अपवाद अगदी मोजके. आपला कायदा जोखमीच्या बाजूने चालतो. लेबलवरील सूचना पाळून, हातमोजे, मास्क आणि गमबूट घालून, वाऱ्याची दिशा पाहून फवारले तर धोका आटोक्यात राहतो, असे तो धरून चालतो. मे महिन्याच्या उन्हात गळक्या पंपाने उघड्या पायांनी फवारणारा मजूर या हिशोबात धरलेलाच नाही.

युरोपातही हे सहज झाले नाही. २००९ च्या कायद्यात मनाई आली, पण ‘हार्मोन बिघडवणारे कशाला म्हणायचे’ याचे निकष ठरवायची मुदत २०१३ मध्ये उलटून गेली. स्वीडनने युरोपीय आयोगालाच न्यायालयात खेचले आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने आयोगाला दोषी ठरवले. कीटकनाशकांचे निकष २०१८ मध्ये लागू झाले. व्याख्या लांबवली की कायदा कागदावर राहतो, हा तिथला धडा आहे.

बंदी कशी येते : कासरगोड ते दिल्ली

आपल्या देशात हार्मोनशी संबंधित नुकसान कायद्याने सर्वांत ठळकपणे पाहिले ते केरळमधील कासरगोडात. सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर तिथे वीसहून अधिक वर्षे हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बागांच्या पायथ्याच्या गावातील ११७ मुलगे तपासले आणि फवारणी नसलेल्या भागातील ९० मुलग्यांशी तुलना केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फवारणीच्या गावातल्या मुलग्यांचे वयात येणे लांबल्याचे आणि त्यांच्या हार्मोनच्या पातळीत फरक पडल्याचे आढळले.

तरीही देशव्यापी बंदीला आणखी आठ वर्षे लागली. एप्रिल २०११ मध्ये एन्डोसल्फान स्टॉकहोम कराराच्या यादीत आले आणि १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्याचे उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. ही याचिका एका युवक संघटनेने, डीवायएफआयने, केली होती. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने प्रत्येक पीडिताला तीन महिन्यांत ५ लाख रुपये द्यायचा आदेश केरळ सरकारला दिला. ती रक्कम पोहोचली नाही म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सरकारला सुनवावे लागले. आदेश मिळवणे ही अर्धी लढाई असते, हे आपल्या चळवळीला नवे नाही.

महाराष्ट्राचा अनुभव यवतमाळचा. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ही तातडीची विषबाधा होती, म्हणून कायद्याला दिसली. कलम २७ वापरून राज्य सरकारने काही औषधांची विक्री ६० दिवस थांबवली. राज्याचा अधिकार एवढाच आहे. ६० दिवस, तपास अपुरा असेल तर आणखी ३० दिवस. कायमची बंदी फक्त केंद्र घालू शकते.

आणि केंद्र काय करते? २०१३ मध्ये नेमलेल्या अनुपम वर्मा समितीने इतर देशांत बंदी असलेली पण भारतात चालणारी ६६ औषधे तपासली. त्यातून २०१८ मध्ये १८ औषधांवर बंदीचा आदेश निघाला, त्यातील सहांना २०२० अखेरपर्यंत मुदत होती. मे २०२० मध्ये आणखी २७ औषधांच्या बंदीचा मसुदा आला. मॅन्कोझेब, क्लोरपायरीफॉस, कार्बेन्डाझिम, अट्राझिन, २,४-डी अशी रोजच्या वापरातली नावे त्यात होती. मग कंपन्यांच्या हरकती आल्या आणि नवी समिती बसली. २०२३ च्या अंतिम आदेशात डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर बंदी आली आणि मोनोक्रोटोफॉसचे एक रूप मुदत देऊन बंद करायचे ठरले. बाकीच्यांपैकी काहींची ठरावीक पिकांवरची शिफारस तेवढी काढली. २७ चे ४ झाले. १९६८ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणायचे विधेयक २००८ मध्ये आले, २०२० मध्ये पुन्हा राज्यसभेत आले, आणि दोन्ही वेळा कायदा झाला नाही.

युरोपच्या ताटातले द्राक्ष आणि इथला हात

यंत्रणा नाही, तपासणी परवडत नाही, ही सबब द्राक्षाने खोटी ठरवली आहे.

निर्यातीच्या द्राक्षाच्या बागेची नोंदणी होते. माल निघण्याआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळा या उर्वरित अंश तपासणीवर देखरेख ठेवते. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढनियंत्रकाचे, अंश सापडले. अनेक कंटेनर अडकले, शेतकरी कर्जात बुडाले, आणि त्यानंतर तेही तपासणीच्या यादीत घेतले गेले. इतक्या वेगाने आपली यंत्रणा हलू शकते.

पण हे सगळे मोजमाप फळावरच्या अंशाचे आहे. ते फळ पिकवण्यासाठी हंगामभर पंप पाठीवर घेणाऱ्याच्या रक्तात आणि लघवीत काय आहे, हे मोजायची सक्ती कोणी पाळत नाही. आपल्या जिल्ह्यातच, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात, कीटकनाशक अंशांच्या राष्ट्रीय प्रकल्पाचे केंद्र आहे. म्हणजे शास्त्र जवळच आहे, ते फक्त मजुराकडे वळलेले नाही. परदेशी ग्राहकाला एक कायदा, शहरी ग्राहकाला दुसरा, आणि मजुराला नियमपुस्तिकेतली चार पाने.

ती चार पाने मात्र आपण वाचली पाहिजेत, कारण ती आजही कायदा आहेत. १९७१ च्या नियमांतील नियम ३७ सांगतो की फवारणीच्या कामावर घेतलेल्या व्यक्तीची कामाआधी आणि नंतर ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी व्हावी. नियम ३९ अंगाचे संरक्षण करणाऱ्या कपड्यांचा, नियम ४० श्वसनसंरक्षक साधनांचा. नियम ४२ नुसार उत्पादक आणि वितरकांनी प्रशिक्षणाची सोय करायची आहे. नियम ४४ रिकाम्या डब्यांची विल्हेवाट वस्तीपासून दूर लावायला सांगतो. आपल्याकडे तेच डबे धुऊन घरात तेल-पाणी ठेवायला वापरले जातात. आपण काम करतो त्या गावांत नियम ३७ प्रमाणे तपासणी झालेला एक तरी मजूर आहे का, हे प्रत्येक कार्यकर्त्याने विचारून पाहावे.

सात-बारा नसलेल्याचे काय?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. ज्याच्या नावावर सात-बारा नाही, तो यात बसत नाही. फवारणी मात्र बऱ्याचदा तोच करतो. शिवाय योजना अपघाताची आहे. पाच वर्षांत बिघडलेले थायरॉईड हा अपघात धरला जात नाही.

बाईचे हाल आणखी वेगळे. पंप पुरुषाच्या पाठीवर असतो म्हणून ‘फवारणी करणारा’ तोच समजला जातो. पण पाणी आणणारी, औषध कालवायला मदत करणारी, दुसऱ्या दिवशी ओल्या पिकात खुरपायला बसणारी आणि फवारणीचे कपडे हाताने धुणारी बाई कोणत्याच नोंदीत येत नाही. या रसायनांबाबत सर्वांत नाजूक काळ गर्भाचा आहे. म्हणजे ज्याचे रक्षण सर्वांत आधी व्हायला हवे, तेच कायद्याच्या नजरेबाहेर आहे.

शहरात हीच जागा कचरावेचक आणि भंगारवाले घेतात. तांब्यासाठी वायर जाळली किंवा प्लास्टिकचा ढीग पेटला की डायॉक्सिनसारखी हार्मोनवर परिणाम करणारी विषे तयार होतात. दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या धुरासाठी २०१६ च्या नियमांत डायॉक्सिनची काटेकोर मर्यादा आहे. उघड्यावर पेटलेल्या ढिगाला ती कोण लावणार? उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला गणवेश, हातमोजे, रेनकोट, बूट आणि मास्क मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. घंटागाडीवरचा कामगार कंत्राटी आहे म्हणून ती जबाबदारी टळत नाही.

आपल्या हातात काय आहे?

संविधानाच्या अनुच्छेद ३९(ङ) मध्ये राज्याला स्पष्ट निर्देश आहे की कामगार स्त्री-पुरुषांच्या आरोग्याचा आणि ताकदीचा, आणि बालकांच्या कोवळ्या वयाचा दुरुपयोग होऊ नये. अनुच्छेद ४२ कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती मागतो. अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काच्या आधारेच एन्डोसल्फान थांबले. पूर्ण पुरावा येईपर्यंत वाट न पाहता आधी काळजी घ्यायची, हे सावधगिरीचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोरच्या खटल्यात देशाच्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. एवढ्या आधारावर पुढील कामे आजच सुरू करता येतात.

१. माहिती अधिकार. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. विचारा : कलम २६ खाली गेल्या तीन वर्षांत विषबाधेच्या किती नोंदी आल्या? नियम ३७ नुसार किती फवारणी मजुरांची तपासणी झाली? नियम ४२ प्रमाणे कोणत्या कंपन्यांनी कुठे प्रशिक्षण दिले? उत्तर ‘निरंक’ आले, तरी तो पुरावाच आहे.

२. केसपेपरवर नोंद. फवारणीनंतर मळमळ, चक्कर, पुरळ आले, किंवा पाळी, गर्भधारणा, थायरॉईडची तक्रार असेल, तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगा आणि ते लिहून घ्यायला सांगा. औषधाचे नाव, पीक आणि तारीख वहीत ठेवा, डब्याच्या लेबलचा फोटो काढा. हळू होणाऱ्या नुकसानीत दहा वर्षांनी हीच वही उपयोगी पडेल.

३. मजुरीच्या बोलणीत साधने. हातमोजे, मास्क, गमबूट आणि धुवायला साबण-पाणी मिळाल्याशिवाय पंप उचलायचा नाही, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांना फवारलेल्या पिकात लगेच कामाला लावायचे नाही, असा ठराव ग्रामसभेत मांडा. छोट्या शेतकऱ्याशी भांडण न करता मांडा. तोही त्याच हवेत उभा असतो, आणि आपल्यातले कित्येक जण वाट्याने शेती करतात.

४. महापालिकेला जाब. कचरा कामगारांना साधने मिळाली का, कंत्राटात त्याची तरतूद आहे का, हे लेखी विचारा. कचरा जळताना दिसला तर फोटो, जागा आणि वेळ नोंदवून तक्रारीची प्रत सावेडीतल्या प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

५. कोणत्या दारात जायचे. हरित न्यायाधिकरण पर्यावरणाच्या सात ठरावीक कायद्यांखालचे प्रश्न ऐकते. कचरा, हवा, पाणी यांचे प्रश्न त्याच्या पुणे खंडपीठाकडे नेता येतात. वादाचे कारण घडल्यापासून सहा महिने आणि भरपाईसाठी पाच वर्षे ही साधारण मुदत लक्षात ठेवा. कीटकनाशके अधिनियम मात्र त्या सात कायद्यांत नाही. त्याच्या अंमलबजावणीसाठी आपल्या जिल्ह्याला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिकेचा मार्ग आहे.

६. घरात. बाळाची बाटली आणि खेळणी मानक चिन्ह पाहूनच घ्या. गरम पदार्थ प्लास्टिकमध्ये आणि वडापाव वर्तमानपत्रात घेऊ नका. औषधाचा रिकामा डबा घरात आणू नका. अन्नाबद्दल शंका असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ४० ग्राहकालाही शुल्क भरून नमुना तपासून घेण्याचा हक्क देते.

ही कामे लहान वाटतील. पण कासरगोडात गावातल्या लोकांनी आजाऱ्यांची नोंद ठेवली, ती पुढे डॉक्टरांपर्यंत आणि शेवटी न्यायालयापर्यंत गेली. कायद्याला हळू होणारे नुकसान दिसत नसेल, तर ते त्याला दिसेल अशा स्वरूपात, तारीखवार आणि सहीनिशी, समोर ठेवावे लागते.

मोठ्या मागण्या तीन आहेत. हार्मोनवरील परिणाम हा नोंदणी नाकारण्याचा स्वतंत्र निकष करा. कायम नोंदणी बंद करून ठरावीक वर्षांनी फेरतपासणी सक्तीची करा. आणि विषबाधेच्या मदतीसाठी सात-बाऱ्याची अट काढून प्रत्यक्ष काम करणाऱ्याला हक्कदार माना. तिसरी मागणी पूर्ण करायला दिल्लीचीही गरज नाही, ती मुंबईत एका शासन निर्णयाने होऊ शकते. येत्या खरिपाची फवारणी सुरू होण्याआधी आपल्या तालुक्यातून या मागणीचे निवेदन आणि माहिती अधिकाराचा किमान एक अर्ज गेला पाहिजे. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस.